तोंडाचा वास : सांगावा कसा, घालवावा कसा?

मागच्या महिन्यातली गोष्ट. माझ्या दवाखान्यात नुकतीच काम करू लागलेली एक तरुण डॉक्टर दुपारच्या चहाच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसली. सकाळी तिने साठीच्या एका गृहस्थांची दाढ तपासली होती. म्हणाली, "मॅडम, त्या काकांच्या तोंडाला इतका वास होता, की मास्कमधूनही जाणवत होता. पण ते दाढेसाठी आले होते. वासाबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही काही बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"कसं सांगायचं तेच कळेना. वडिलांच्या वयाचे आहेत. रागावले असते तर?"

तिची अडचण खरी होती. दाढ कशी काढावी, कवळीचे माप कसे घ्यावे, हे सारे कॉलेजात शिकवतात. पण समोरच्या माणसाला 'तुमच्या तोंडाला वास येतो' हे कसे सांगावे, हे आम्हाला तरी कोणी शिकवले नव्हते. मी ते शिकले स्वतःच्या चुकीतून. म्हणून आज त्या चुकीपासूनच सुरुवात करते. हा लेख नेहमीप्रमाणे आपणा वाचकांसाठी आहे. पण माझ्या तरुण सहकाऱ्यांनीही तो वाचावा, अशी इच्छा आहे.

एक जुनी चूक

१९९३ साल. दवाखाना थाटून मला जेमतेम वर्ष झाले होते. बाजाराचा दिवस, बाहेरच्या बाकावर गर्दी. प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका किडलेली दाढ काढायला आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांनी तोंड उघडले आणि मी घाईत बोलून गेले, "अहो बाई, किती वास येतोय तोंडाला! दात घासता की नाही?"

माझ्या खोलीला तेव्हा दार नव्हते, नुसता पडदा होता. बाहेर त्यांच्याच वर्गातल्या दोन मुलांचे पालक बसलेले होते, हे मला नंतर कळले. बाई काही बोलल्या नाहीत. दाढ काढून घेतली, पैसे दिले. "आठ दिवसांनी दात साफ करून घ्यायला या," असे मी सांगितले. त्या आल्या नाहीत.

सुमारे सहा वर्षांनी त्या पुन्हा आल्या. बोलताना पदर तोंडावर होता. खालचे पुढचे दात हलत होते, हिरड्या दातांपासून सुटल्या होत्या. पायोरिया बराच पुढे गेला होता. मी खोलीत कोणी नाही असे पाहून विचारले, "इतके दिवस का थांबलात?" त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवसानंतर मी वर्गात पहिल्या बाकाजवळ कधी उभी राहिले नाही. दवाखान्याची पायरी कशी चढणार? आणि खरं सांगू का, मी तेव्हाही दोन वेळा दात घासत होते."

त्यांचे म्हणणे खरे होते. दोष घासण्याचा नव्हता. हिरडीखाली साठलेल्या किटणाचा होता, आणि तिथे ब्रश पोहोचतच नाही. वेळेवर उपचार झाले असते तर त्यांचे बहुतेक दात वाचले असते. चार दात मला काढावे लागले. माझ्या एका वाक्याची ती किंमत होती, आणि ती त्यांनी मोजली. त्याच महिन्यात मी खोलीला दार बसवून घेतले.

वास येतो कुठून?

"डॉक्टर, पोट साफ नाही म्हणून वास येतो का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतो. उत्तर असे, की बहुतेक वेळा नाही. कायम येणाऱ्या दुर्गंधीचे मूळ दहापैकी आठ-नऊ जणांच्या तोंडातच असते. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर किंवा उलटी सोडली तर पोटातला वास सहसा वर येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे जुलाबाची चूर्णे घेऊन तोंडाचा वास जात नाही, यात नवल नाही.

आपल्या तोंडात असंख्य जंतू राहतात. त्यांतले काही असे, की ज्यांना प्राणवायू सोसत नाही. ते लपायला जागा शोधतात : जिभेचा मागचा खडबडीत भाग, दात आणि हिरडी यांमधली खोल खाच, किडलेल्या दाढेचा खड्डा, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची हिरडी, नीट न बसलेली जुनी टोपी. तिथे अडकलेले अन्नकण, लाळेतली प्रथिने आणि झडलेल्या पेशी हे जंतू कुजवतात. त्यातून गंधकयुक्त वायू तयार होतात. त्यांतल्या एकाला सडक्या अंड्याचा वास असतो, दुसऱ्याला नासलेल्या कोबीचा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे संशोधक जोसेफ टॉन्झेटिक यांनी १९६० आणि १९७०च्या दशकांत हे वायू मोजून दाखवले, आणि तोंडाच्या वासाचा शास्त्रीय अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आपल्याकडे मात्र हे निरीक्षण फार जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात जीभ घासण्याच्या पट्टीचे वर्णन आहे. ती सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळेची असावी, धारदार नसावी, वाकवलेली असावी, असे तिथे सांगितले आहे. जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे दुर्गंधी येते, हेही तिथेच म्हटले आहे. जिभेचे टोक नव्हे, मूळ! आजचा दंतवैद्य तेच सांगतो.

सकाळी उठल्यावर तोंडाला वास येतो, तो आजार नव्हे. झोपेत लाळ कमी होते. लाळ म्हणजे तोंडाची मोरी धुणारे पाणी. ते आटले की जंतूंचे फावते. चूळ भरली, दात घासले, न्याहारी केली की हा वास जातो. कडक उपवासात, पाणी कमी प्यायल्यावर, तोंडाने श्वास घेणाऱ्यांना, तसेच रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते, तेव्हाही वास वाढतो. पण म्हणून ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी बोलावे.

कांदा-लसणाची गोष्ट निराळी. त्यातले काही घटक आतड्यांतून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसांत जातात, आणि श्वासावाटे बाहेर पडतात. म्हणून लसणाची चटणी खाल्ल्यावर कितीही दात घासले तरी वास काही तास राहतोच. तो आपोआप जातो. त्याला उपचार लागत नाही.

स्वतःला का कळत नाही?

नाकाला सततच्या वासाची सवय होते. मच्छीबाजारात नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो, विकणारीला मात्र काही जाणवत नाही, तसेच हे. ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला तो बहुधा कळत नाही. ओंजळीत फुंकर मारून हुंगण्याचाही फारसा उपयोग होत नाही.

घरच्या घरी पाहायचे असेल तर एक चमचा घ्यावा. त्याच्या कडेने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडावा, थोडे थांबून चमचा हुंगावा. मागच्या दाढांमधून दोरा फिरवून तोही हुंगून पाहावा. पण सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे घरातले विश्वासाचे माणूस. "मला खरं सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?" हे विचारायला धीर लागतो. ज्याला विचारले त्याने मात्र हसू नये.

आम्ही कसे तपासतो?

मोठ्या केंद्रांतून हे वायू मोजणारी यंत्रे आहेत. पण आजही मुख्य साधन म्हणजे तपासणाऱ्याचे नाक. त्याची रीतसर पद्धत आहे. रुग्णाने दोन दिवस लसूण-कांदा टाळायचा. तपासणीच्या सकाळी तंबाखू, सुपारी, गुळण्यांचे औषध, अत्तर काही नको. एक-दोन मिनिटे तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने हलका श्वास सोडायचा. वासाला ० ते ५ असे गुण द्यायचे. मग ओठ मिटून नाकाने श्वास सोडायला सांगायचे. तोंडातून वास येतो पण नाकातून येत नाही, तर मूळ तोंडात किंवा घशात. नाकातून येतो, तर नाक आणि सायनस तपासायला हवे. दोन्हींतून सारखाच येत असेल, तर शरीरातल्या दुसऱ्या आजाराचा विचार करायचा. यानंतर हिरड्यांची खोली मोजायची, दाढा, जीभ, टॉन्सिल, कवळी पाहायची. गरज असेल तर एक्स-रे काढायचा.

सांगावे कसे?

आता त्या तरुण डॉक्टरला मी जे सांगितले ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट, एकांत. दार बंद हवे. सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगावे. रुग्ण स्त्री आणि डॉक्टर पुरुष असेल तर मदतनीस बाई आत असावी, पण ती तोंड वाकडे करणारी नसावी.

दुसरी, वेळ. तोंडात आरसा आणि हत्यार असताना हे बोलू नये. त्या माणसाला धड उत्तरही देता येत नाही. खुर्ची सरळ करावी, मास्क खाली घ्यावा, समोर स्टुलावर बसावे आणि मग बोलावे.

तिसरी, आधी विचारावे. मी प्रत्येक रुग्णाला तेच तीन प्रश्न विचारते : हिरड्यांतून रक्त येते का, तोंड कोरडे पडते का, वास किंवा खराब चव जाणवते का? सर्वांनाच विचारते, त्यामुळे कोणाला आपल्याकडे बोट दाखवल्यासारखे वाटत नाही. वर्षानुवर्षे मनात ठेवलेली गोष्ट माणसे अशा वेळी हळूच बोलून टाकतात.

चौथी, कारणासकट सांगावे. "तुमच्या हिरड्यांना सूज आहे, खाली किटण साठलंय, हात लावला की रक्त येतंय. अशा हिरड्यांमुळे तोंडाला वास येतो, तसा तो तुमच्याही येतोय. बहुतेकांना तो स्वतःला कळत नाही. यावर उपाय आहे." एवढेच. 'घाण' हा शब्द नको, 'दात घासता की नाही' हा प्रश्न नको. त्याऐवजी ब्रश हातात द्यावा आणि म्हणावे, "तुम्ही कसे घासता, मला दाखवाल का?" शंभरातल्या पुष्कळांची चूक तिथेच दिसते, आणि ती बोलून दाखवावीही लागत नाही.

पाचवी, मग गप्प बसावे. समोरचा मान खाली घालेल, कधी डोळ्यांत पाणी येईल, कधी तो रागावेलही. त्याला वेळ द्यावा. आपण उगाच विनोद करू नये.

सहावी, हे बोलणे त्या खोलीतच राहावे. नवऱ्याची गोष्ट बायकोला किंवा सुनेची गोष्ट सासूला, तिच्या संमतीशिवाय सांगू नये. गाव लहान असते आणि तोंडे पुष्कळ.

आणि न सांगणे? ते सभ्यपणाचे वाटते, पण वैद्याला ते शोभत नाही. जोडे झिजवून आलेल्या माणसाची सुजलेली हिरडी पाहूनही आपण गप्प बसलो, तर त्याचा आजार वाढण्याला आपणही कारण होतो.

उपचार कोणते?

पहिला आणि मुख्य उपचार म्हणजे किटण काढणे, ज्याला आपण दात साफ करणे म्हणतो. हिरडी खोल सुटली असेल तर मुळांवरचे किटणही भूल देऊन काढावे लागते. त्याला दोन-चार खेपा लागतात. "दात साफ केले की ते सैल होतात, फटी पडतात," असा गैरसमज घरोघरी आहे. फट आधीच पडलेली असते, ती किटणाने बुजलेली असते. किटण निघाले की ती दिसते, एवढेच. काही दिवस थंड-गरम झोंबते, ते हळूहळू कमी होते. सुमारे सहा आठवड्यांनी हिरड्या पुन्हा तपासायच्या. एकदा पायोरिया झालेल्यांनी पुढेही दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहावे.

किडलेल्या दाढा भरून घ्याव्यात किंवा काढाव्यात. जुनी, खाली अन्न अडकणारी टोपी बदलावी. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, पाण्यात ठेवावी. कवळी घालून झोपू नये.

घरी करायचे ते असे :

१. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा दोन-दोन मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे चुकवू नये. ब्रश मऊ असावा आणि तो हिरडी व दात यांच्या सांध्यावर तिरका धरावा.

२. दिवसातून एकदा दातांच्या फटी स्वच्छ कराव्यात. फट लहान असेल तर दोरा, मोठी असेल तर फटीत जाणारा बारीक ब्रश. टाचणी, काडेपेटीतली काडी, सेफ्टी पिन कदापि नको.

३. जीभ पट्टीने मागून पुढे, हलक्या हाताने तीन-चार वेळा खरवडावी. उमासा येत असेल तर जीभ बाहेर काढून धरावी. रक्त येईपर्यंत खरवडण्यात शहाणपण नाही.

४. पुरेसे पाणी प्यावे. जेवणानंतर खळखळून चूळ भरावी. बिनसाखरेचे च्युइंगगम किंवा बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, तेवढ्यापुरता उपयोग होतो.

५. हिरड्यांतून रक्त आले म्हणून घासणे बंद करू नये. रक्त सुजेमुळे येते. घासणे थांबवले तर सूज वाढते.

गुळण्यांच्या औषधांविषयी थोडे. क्लोरहेक्झिडीनचे औषध जंतूंवर चांगले चालते. पण ते फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. म्हणून दंतवैद्य सांगतील तितकेच दिवस वापरावे, आणि टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून वापरावे. जस्ताचे क्षार असलेली औषधे दुर्गंधीचे वायू बांधून ठेवतात. मात्र किटण तसेच ठेवून नुसत्या गुळण्या करणे म्हणजे उकिरड्यावर गुलाबपाणी शिंपडणे. लवंग-वेलची, मसाला सुपारीचेही तेच.

एक ऐतिहासिक गमतीची गोष्ट सांगते. लिस्टरीन हे औषध १८७९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या कामी जंतुनाशक म्हणून निघाले. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासासाठी 'हॅलिटोसिस' हा शास्त्रीय वाटणारा शब्द उचलला आणि लग्न न जमण्याची भीती घालून ते घरोघरी पोहोचवले. भीतीवर माल खपतो, आजार बरा होत नाही. जाहिरात पाहताना हे लक्षात ठेवावे.

मेडिकलच्या दुकानातून परस्पर जंतुनाशक गोळ्या घेणारेही पुष्कळ भेटतात. चार दिवस वास जातो, मग परत येतो, कारण किटण जागेवरच असते. गोळ्यांचा उपयोग मात्र पुढे खऱ्या गरजेच्या वेळी कमी होतो.

मिश्री आणि गुटखा

आपल्या जिल्ह्यात अजूनही कित्येक बायाबापड्या सकाळी मिश्री लावतात. "मिश्रीनं दात घट्ट राहतात, वास जातो," असे त्या सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या खाली सरकतात, दात काळे पडतात, व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तंबाखू आणि सुपारी वेगवेगळ्या पुड्यांतून तोंडात जातेच आहे.

तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाला वास येतोच, असे म्हणून घरचे सोडून देतात. इथेच घात होतो. माझ्याकडे आलेल्या एका ट्रॅक्टरचालकाची बायको दोन-तीन महिने म्हणत होती, की हा वास नेहमीचा नाही, वेगळा आहे. घरात तिची थट्टा झाली. तो आला तेव्हा गालाच्या आतल्या बाजूला, शेवटच्या दाढेपाशी न दुखणारी जखम होती. तुकडा तपासणीला पाठवला, कर्करोग निघाला. त्याच आठवड्यात मी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. शस्त्रक्रिया झाली, आज तो आहे. बायकोचे आधीच ऐकले असते तर शस्त्रक्रिया कदाचित लहान झाली असती. म्हणून तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडू लागले, तर त्याच दिवशी दाखवावे. जिल्हा रुग्णालयातही दातांच्या तपासणीची सोय असते.

दातांपलीकडची कारणे

दात, हिरड्या, जीभ सारे स्वच्छ असूनही वास येत असेल तर पुढे शोधावे लागते. टॉन्सिलच्या खळग्यांत पांढरट-पिवळे खडे साठतात, त्यांना उग्र वास असतो. जुनाट सायनस, फुप्फुसातला जुना संसर्ग ही कारणे असू शकतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल, तर त्याने नाकात मणी, खोडरबराचा तुकडा किंवा शेंगदाणा घातला असण्याची शक्यता असते.

मधुमेह फार बिघडला तर श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो; सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की श्वासाला अमोनियासारखा वास येतो. मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते तर दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

वास नसताना वाटणारा वास

काही जण असे येतात, की ज्यांच्या तोंडाला वास नसतो, पण आहे अशी त्यांची खात्री असते. याएगाकी आणि कॉइल या संशोधकांनी २००० साली तोंडाच्या वासाच्या तक्रारींची जी वर्गवारी मांडली, तिच्यात या रुग्णांना स्वतंत्र जागा दिली आहे. काहींना तपासणी करून, समजावून सांगितले की पटते. काहींच्या मनातून मात्र भीती जात नाही.

कॉलेजात जाणारा एक मुलगा माझ्याकडे येत असे. दिवसातून सहा-सात वेळा दात घासून त्याने दात झिजवले होते. एस. टी.त कोणी नाकाला हात लावला की त्याला वाटे, आपल्यामुळेच. तीन वेगवेगळ्या दिवशी तपासले, वास नव्हता. अशा रुग्णाला "काही नाही, उगाच मनाचे खेळ," असे सांगून वाटेला लावणे सोपे असते, पण तो मग दुसऱ्या दवाखान्यात जातो, तिथून तिसऱ्या. मी त्याला म्हटले, "तुझा त्रास खरा आहे. वास मात्र मला सापडला नाही. हा त्रास कमी करणारे डॉक्टर आहेत, आपण त्यांची मदत घेऊ." पहिल्यांदा तो रागावला. दोन महिन्यांनी आईला घेऊन आला, तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आता तो दिवसातून दोनदाच दात घासतो.

घरच्यांसाठी चार शब्द

घरात कोणाच्या तोंडाला वास येत असेल तर ते चारचौघांत बोलू नये, टोपणनावे पाडू नयेत, मुलांकडून बोलवून घेऊ नये. दोघेच असताना सांगावे, "तुमच्या हिरड्या बिघडल्यात असं वाटतं, वास येतो. आपण दाखवून येऊ." 'आपण' हा शब्द महत्त्वाचा. आणि सोबत जावे.

ज्याला सांगितले त्याने रागावू नये. परका माणूस बाजूला सरकतो, सांगत नाही. जवळचा सांगतो.

आता त्या काकांविषयी. दाढ भरायला ते दुसऱ्या खेपेला आले, तेव्हा आमच्या तरुण डॉक्टरने दार लावले, मास्क खाली घेतला आणि त्यांना नीट सांगितले. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं बोललात पोरी. सून हल्ली ताट ठेवून लगेच निघून जाते, नातू मांडीवर बसत नाही. मला वाटायचं, म्हातारा नकोसा झालो." हिरड्यांची सूज पाहून तिने रात्री लघवीला किती वेळा उठता, तहान फार लागते का, असे विचारले आणि रक्त तपासायला पाठवले. साखर बरीच वाढलेली निघाली. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. आता मधुमेहाची औषधे सुरू आहेत, दात साफ करण्याच्या दोन खेपा झाल्या आहेत, तिसरी पुढच्या सोमवारी आहे. मागच्या खेपेला ते नातवाला बरोबर घेऊन आले होते. तो त्यांच्या मांडीवर बसून खुर्चीचा दिवा पाहत होता.

पुढील आठवड्यात कवळी बसवलेल्यांनी घ्यावयाच्या काळजीविषयी.